औषध छातीत उतरेना

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते त्या दिवसांत वडिलांचा दमा बळावला. ते परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, कापड विणत. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. डॉक्टरांनी काचेचा फवारा दिला. त्याचा रबरी फुगा दाबला की औषधाचे धुके नळीतून तोंडात येई. श्वास हळू, खोल ओढायचा आणि क्षणभर रोखायचा, एवढेच त्यांनी सांगितले. जोरात ओढले तर औषध घशावरच आपटते, छातीत उतरत नाही.

तेवढेच वडिलांना जमेना. नळी ओठांत धरली की ते गाल आत घेऊन सुर्रकन झटका देत. घसा कडू होई, छाती तशीच वाजत राही. आणि त्यांना तर पुढच्या मोर्च्यात चालायचे होते! मी शेजारी बसून एक ते पाच अंक मोजी, वर्गात मोजतो तसे.

"माका दम घेवक शिकवतंस?" ते म्हणत. "तुका चलूक मी शिकवलंय."

एकदा त्यांच्या शेजारच्या साच्यावरचे काका भेटायला आले. पाहून हसतच सुटले. "अहो मास्तर, हे औषध कुठं घेतायत? धोटा चोखतायत!"

तेव्हा मला उमगले. साच्यात आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की त्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून काढायचे. हळू ओढले तर सूत येत नाही आणि साचा अडून राहतो. तीस वर्षे त्यांनी हेच केले. कापसाची धूळ तेवढी त्या झटक्याने नेमकी आत पोचली होती.

कारण कळले म्हणून काही सुधारले नाही. माझी चिडचिड मात्र वाढली. एका संध्याकाळी ते पुन्हा चुकले तेव्हा मी फवारा हातातून हिसकावला. "पहिलीतली पोरंसुद्धा ऐकतात, बाबा!"

त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी औषध घेतले नाही. मी शाळेतून येईपर्यंत फवारा पुसून डब्यात गेलेला असे. मोर्च्याच्या दिवशी ते जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन खाटेवर बसले.

"औषध घेतलंत?"

"घेतलंय."

कसे घेतले, हे विचारायला मी तोंड ठेवले नव्हते.

महिन्याभरात ते गेले. शेवटी तरी त्यांना हळू ओढणे जमत होते का, असे मी आईला विचारले.

"माका काय म्हायत?" ती म्हणाली. "माका पण ते भायर धाडीत."