बहियेचा दहावा दिवा

बहिये द्वेकची चूक काढणारा माणूस जेरुसलेममध्ये अजून जन्मायचाय, असं तिचं स्वतःचं ठाम मत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. पोरांनी पानात टाकलेलं तिने कधी खपवून घेतलं नाही, आणि एकदा तर मुख्याध्यापकांनाही स्वतःचं ताट धुवायला लावलं. आता पंचाहत्तरी गाठली तरी गल्लीत कुणाचे खिमा भरलेले कुब्बे तेलात फुटले की बोलावणं हिलाच, आणि ही जायची ती स्वतःची परात काखेत मारूनच.

ज्यूंचा दिव्यांचा सण हनुक्का आला की तिच्या जिभेला धार चढायची. त्या आठ संध्याकाळी गल्लीतले दारापुढचे दिवे बघायला परदेशी पाहुण्यांचे घोळके येतात. त्यातल्या कुणी "हा तुमचा नाताळच ना?" असं विचारलं की संपलंच. ती सांगायची, बाबा, नाताळशी आमचं काही घेणं नाही, हा देवळाच्या साफसफाईचा सण, आणि तुझ्या घरात शेवटचा केर कधी काढलास ते सांग आधी. मग तिची शिकवणी सुरू. सात फांद्यांचा दिवा देवळातला, तो वेगळा. सणाचे दिवे आठ, आणि ते पेटवायला वर एक सेवक-दिवा, कारण त्या आठांच्या उजेडात सुई ओवायचीसुद्धा मुभा नाही. ते फक्त बघायचे. सून मात्र पोरांना रोज एक खेळणं बांधून द्यायची. पेसाहसारखा मोठा सण पदरात असताना या छोट्या सणाचा असा बाजार का मांडायचा, यावरून दोघींचं दरवर्षी वाजायचं.

एवढं सगळं ठणकावून सांगणाऱ्या बहियेच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र नऊ नव्हे, दहा दिवे होते. तिच्या बापाने सीरियातल्या अलेप्पोहून आणलेली ती पितळी चौकट. आठ दिवे आणि दोन सेवक. अलेप्पोच्या कितीतरी घरांत असेच होते. एकदा एक वाटाड्या घोळक्याला सांगत होता की हा एक दिवा जादाचा आहे, दुसरा फुटला तर असावा म्हणून. बहियेने त्याला सगळ्यांदेखत असा सोलला की त्या वर्षी तो गल्लीत पुन्हा फिरकला नाही.

यंदा घाव घरातूनच बसला. सणाला चार दिवस होते. तिची आठ वर्षांची नात रेनाना शाळेतून आली ती मान खाली घालून. हातात तिने वर्गात मातीची केलेली दिव्यांची पट्टी होती. भोकं दहा पाडली होती, पण दहाव्यात माती दाबून ते बुजवलेलं. वर बाईंच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता.

"सित्तो, आपलं चुकतं," पोर आजीला म्हणाली. "सगळे हसले. यंदा मी आईकडचाच दिवा लावणार. तुझ्याकडे नाही येणार."

बहियेला जेवण गेलं नाही. तिच्यामागे ती चौकट भिंतीवरून उतरवून कुणीतरी भंगारात घालणार, हे तिला त्या अंगठ्याच्या ठशात लख्ख दिसलं. रेनाना ही एकच नात अशी, जी दरवर्षी वाती वळायला तिच्या मांडीला मांडी लावून बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गात हजर. नित्झाबाई तरुण, बिचाऱ्या घाबरल्याच. बहियेने खुर्ची ओढली आणि परवानगी न विचारता सुरुवात केली. अँटिओकस राजाने देवळात मूर्ती बसवली, आपल्या लोकांचे सणवार बंद पाडले. यहुदा आणि त्याचे भाऊ डोंगरात गेले, लढले, देऊळ परत घेतलं. आत उकिरडा झालेला. सोन्याचा दिवा लुटून नेलेला. मग काय केलं त्यांनी? लोखंडी सळ्या घेतल्या, त्यांना कथलाचा पत्रा लावला आणि त्याचाच दिवा उभा केला. तेल सापडलं एका दिवसाचं, जळलं आठ दिवस.

"तेव्हा तुमच्यासारखी बाई तिथे असती," ती नित्झाबाईंना म्हणाली, "तर म्हणाली असती, हा दिवा बरोबर नाही, पुन्हा करून आणा."

पोरं खिदळली. बाईही हसल्या, आणि चांगुलपणाने म्हणाल्या की हा रिवाज मला ठाऊक नव्हता, पण दहावा दिवा कशाला ते तेवढं सांगा. बहियेकडे उत्तर तयार होतं. स्पेनच्या राजाने हाकललेले आपले पूर्वज अलेप्पोला पोचले, तिथल्या लोकांनी दार उघडलं, म्हणून आभाराचा एक दिवा. झालं, जिंकली. ती उठायला लागली.

तेवढ्यात रेनाना बाकावरून म्हणाली, "पण ते पाचशे वर्षांपूर्वीचे लोक. तू कुणाचे आभार मानतेस?"

बहिये पुन्हा खाली बसली. हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिने मुलालाही सांगितलं नव्हतं, कारण अलेप्पोचं नाव काढलं की इथे सगळ्यांना फक्त तिथलं प्रार्थनाघर जळालं त्या आगीचंच ऐकायचं असायचं.

मग तिने सांगितलं. अलेप्पोत ज्यूंविरुद्ध दंगल पेटली तेव्हा ती आठ वर्षांची होती. शेजारी गिरणीवाल्याची बायको राहायची, उम्म अदनान, म्हणजे अदनानची आई, मुसलमान. तिने बहियेच्या घरच्या पाचही जणांना पिठाच्या पोत्यांमागे बसवलं. जमाव आला तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, आत माझी लेकरं झोपलीत, आवाज करू नका. तिला मूलबाळ नव्हतं. अदनान तान्हेपणीच गेलेला. काही दिवसांनी यांचा सण आला, घरात जळायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा तेलाची बाटलीही तिनेच आणून दिली.

नित्झाबाईंनी डोळे पुसले. बहियेने मात्र पुसले नाहीत, तशीच घरी गेली.

सणाच्या पहिल्या संध्याकाळी दार वाजलं. रेनाना मातीची पट्टी घेऊन आली होती. बुजवलेलं भोक तिने बापाच्या स्क्रूड्रायव्हरने कोरून काढलं होतं, त्यात एक कोपरा तुटला होता. नीट नाही झालं, म्हणाली. सळ्यांचा तरी कुठे नीट होता, बहिये म्हणाली आणि पितळी चौकटीखालीच तिला जागा करून दिली.

सेवक लागला, त्याने पहिला दिवा लागला. दहाव्याची वात हातात धरून पोर थांबली. या वातीची जागा मातीच्या पट्टीत ठरलेली होती, पण तुटलेल्या कोपऱ्यात तेलाची वाटी उभी राहीना.

"सित्तो, उम्म अदनानला कुठे ठेवू?"

बहियेने दाराकडे बोट केलं.

"उंबऱ्यात ठेव," ती म्हणाली. "ती तिथेच उभी होती."