केळ्यावर पारखलेलं मशीन

१२ जून. टॅटूचं मशीन आणायला लेकीबरोबर सांगलीला गेले. कोरेगावातल्या आमच्या पार्लरमध्ये तिला गोंदण सुरू करायचं होतं. पहिलं गोंदण माझ्याच हातावर करायचं ठरलं होतं, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर मी काहीच सोडणार नव्हते.

त्याने आधी कॉइलचं मशीन लावलं. ते जड होतं आणि भुंग्यासारखं गुणगुणत होतं.

"मावशी, त्यापेक्षा हे मोटरवालं रोटरी घ्या. आवाज न्हाई, हात भरून येत न्हाई," म्हणत त्याने दुसरं हवेतच चालवून दाखवलं.

"हवेत शिलाई मशीनही झकास पळतं," मी म्हणाले आणि कातडीऐवजी सालीवर रेघ ओढून बघायला पिशवीतलं केळं पुढे केलं.

कॉइलच्या मशीननं लेकीच्या हातून साल फाटली. रोटरी सालीला टेकताच मंदावलं आणि रेघ तुटक आली. दुकानदाराने कपाटातून आणखी एक रोटरी काढलं. त्याची रेघ सलग उमटली.

"हे आधी का नाही दाखवलं?"

"तुमी तरी केळं आधी कुठं दाखवलं?"

तेच घेतलं. १३ जून. सकाळी नव्या सुईचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, लेकीला ते माझ्यादेखत फोडायला लावलं आणि मगच मनगट पुढे केलं.