पऱ्हाटीतले पांडव

"सायेब, बोल्ट तुटला. येताना दोन घेऊन या," एवढंच उत्तम फोनवर बोलला. कौसाबाईच्या डोळ्याला लागलंय, हे मला शेतात पोहोचल्यावर कळलं.

मी परभणीत शेती अवजारांच्या एका डीलरकडे सर्व्हिसला आहे. विकलेलं मशीन बिघडलं की शेतात जायचं, ते चालू करून द्यायचं, आणि चूक कोणाची हे कोणालाही न दुखावता सांगायचं. यातलं शेवटचं काम मला आजवर जमलेलं नाही.

उत्तम सोनपेठच्या पुढच्या एका गावचा. त्यानं आमच्याकडून स्लॅशर घेतला होता आणि गावात भाड्यानं चालवत होता. स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचा लोखंडी खोका, खालून उघडा. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, आतली जाड पाती आडवी फिरतात, घरातल्या मिक्सरसारखी. कापूस वेचून झाला की रानात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. ती या मशीननं बारीक करून तिथंच मातीत मिसळायची. पूर्वी लोक उपटून पेटवून द्यायचे. मशीन चांगलं आहे, आणि हे मी पगार मिळतो म्हणून सांगत नाही.

पण पात्याखाली दगड आला तर काय होतं, ते नीट समजून घ्या. पातं पिनवर सैल लटकवलेलं असतं, दगड लागला की मागं दुमडतं. धक्का त्याहून मोठा असेल तर शिअर बोल्ट तुटतो. हा बोल्ट मुद्दामच कच्चा ठेवतात. तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. म्हणजे मशीन स्वतःची काळजी स्वतः घेतं. माणसासाठी फक्त मागच्या बाजूला साखळ्यांचा एक पडदा असतो, उडालेल्या दगडाचा जोर त्यात मोडावा म्हणून. त्याउपर आधी दगड वेचा, पातं जमिनीपासून मूठभर वर ठेवा आणि मागं कोणाला उभं राहू देऊ नका, हे तोंडी सांगणं. तोंडी सांगण्याचं काम माझं.

मी पोहोचलो तेव्हा उत्तम धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डोकं धरून बसला होता. ट्रॅक्टर कपाशीत मधेच उभा. मागं थोड्या अंतरावर पऱ्हाटीची अर्धवट बांधलेली मोळी आणि बाईमाणसाची एक चप्पल पडलेली. मशीनच्या साखळ्या तारेनं वर बांधलेल्या होत्या.

"हे काय?" मी चप्पल दाखवली.

"कौसाकाकूची हाय. रान तिचंच. डोळ्याला लागलं. तिचा नवरा, ज्ञानोबाकाका, परभणीला घेऊन गेलाय तिला."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"तुमी आला नसताव."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. वाटेत एक जीप हॉर्न वाजवत मला घासून गेली होती आणि मी तिच्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या होत्या. ती हीच असणार.

आधी मशीन वर उचललं, मग ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात टाकली. खाली लाकडी ओंडका लावला आणि मग वाकलो. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर वर उचललेल्या मशीनखाली मी डोकं घालत नाही. पाती शाबूत. गिअरबॉक्स शाबूत. फक्त बोल्ट तुटलेला, म्हणजे कारखान्यानं ठरवलं होतं अगदी तसंच घडलं होतं.

"साखळ्या कोणी बांधल्या?"

"मीच. सोडल्या की पऱ्हाटी गुततीया, सारखं उतरून काढावं लागतंय. अन् बाया बी म्हनत्यात वर बांध."

"बाया कशाला म्हणतील?"

"साखळ्या वर असल्या की जाड खुट्टं मागं फेकली जात्यात. चुलीला चालत्यात."

हे मला माहीत नव्हतं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पऱ्हाटीला कचरा म्हणतात. कौसाबाईच्या घरी तो वर्षभराचा स्वयंपाक होता. आमचं मशीन तिचं सरपण बारीक करत पुढं चाललं होतं आणि सापडतील ते तुकडे वेचत ती मागं चालली होती.

"दगड वेचून घेतले होते का?"

"इचारलं होतं की. तुमी शिकवलं तसंच इचारलं. काकू म्हनली, एक ठेवला न्हाई."

तिनं खरं तेच सांगितलं होतं. धुऱ्यावर दगडांचा कमरेइतका ढीग होता. सगळं रान तिनं टोपलं घेऊन एकटीनं पालथं घातलं होतं. इतकं साफ केलेलं रान मी फार कमी पाहिलंय.

मग बोल्ट तुटला कशानं? मशीनच्या मागं मागं, कापलेल्या ओळीतून चालत गेलो. थोड्याच अंतरावर ते दिसले. पाच दगड, ओळीनं मांडलेले, चुन्यानं रंगवलेले, वर काव लावलेली. चार कापलेल्या पट्ट्याच्या बाहेर, जागेवर होते. पाचव्याचा माथा उडाला होता आणि आतला काळा दगड उघडा पडला होता.

ज्यांच्याकडे येळवस नसते त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत एका अमावस्येला आमच्याकडची माणसं घरदार घेऊन रानात जेवायला जातात. कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पुजतात, भज्जी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. पुढं कडबा जनावरं खातात. पांडव तिथंच राहतात. त्या वर्षी ज्ञानोबाची ज्वारी नव्हती, म्हणून त्यांनी कपाशीतच जागा करून कोप घातली होती. कोप गेली, बाजूच्या फांद्या वरून झुकल्या, पांडव झाकले गेले.

कौसाबाईनं रानातला प्रत्येक दगड उचलला आणि या पाचांना हात लावला नाही. कशी लावेल? तिनं नमस्कार करून पुढची ओळ धरली असणार.

"तुला माहीत नव्हतं का रे इथं पांडव आहेत?"

"दुसऱ्याच्या रानातले पांडव मला कसे ठावे आसतील, सायेब? येळवशीला मी माझ्या रानात होतो."

आजवर तिथं बैलांचं औत चालायचं. औताच्या मागं माणूस पायी असतो, त्याला जमीन दिसते. पांडव आले की तो औत उचलून बाजूनं घालतो, हे कोणी कोणाला शिकवत नाही. ट्रॅक्टरवरच्या माणसाला पुढं बोनेट दिसतं आणि मागं धूळ. त्यात पातं पार जमिनीला टेकवून चालवलं होतं.

तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"मशीनला काय झालं?"

"काही नाही. शिअर बोल्ट."

"मग वेळ कशाला लागतोय?"

"एका बाईच्या डोळ्याला लागलंय, साहेब. साखळ्या वर बांधल्या होत्या."

"म्हणजे आपला फॉल्ट नाही."

"नाही."

"मग निघा लवकर. पालमचे लोक सकाळपासून वाट बघताहेत."

साखळ्या खाली सोडल्याशिवाय बोल्ट लावणार नाही, असं मी उत्तमला बजावलं. त्यानं मुकाट्यानं तार सोडली. गुंडाळून ती त्यानं खिशात ठेवली, टाकली नाही. मी ती मागून घेतली नाही, कारण तार कुठल्याही दुकानात मिळते.

दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो. कौसाबाई कॉटवर बसलेली, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. ज्ञानोबा खाली फरशीवर. डॉक्टरांनी डोळा गेल्याचं सांगून टाकलं होतं. ज्ञानोबानं ते मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. तिला अजून ठाऊक नाही असं त्याला वाटत होतं.

"सायेब, बोल्ट बसला का?" तिनं विचारलं.

"बसला, मावशी."

"अन् पांडवाला लय लागलं का?"

"एकाचा माथा गेला," मी म्हटलं.

"तेच्या अंगावर लोखंड घातलं आमी. मग माझा डोळा ऱ्हाईल का?" ती शांतपणे म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

मी तिला समजावू लागलो. दगड पात्याला लागला म्हणून उडाला, साखळ्या असत्या तर तिथंच अडकला असता, तुम्ही मागं नसता तर लागलाच नसता. हातवारे करून मशीन कसं फिरतं ते दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पाहुणा बोलतोय, तर मधे बोलू नये, असं ऐकून घेतलं.

शेवटी म्हणाली, "औत कसं बाजूनं जायचं बगा." मग तोंड भिंतीकडे वळवलं.

व्हरांड्यात येऊन मी बाकावर बसून राहिलो. चूक सापडली की दुरुस्ती करता येते, यावर माझं पोट चालतं. इथं चूक सापडली होती, तिचा बोल्टसुद्धा बदलून झाला होता, आणि दुरुस्त काहीच झालं नव्हतं.

पुढच्या वर्षी, पऱ्हाटी कापायच्या दिवसांत, त्या बाजूला जाणं झालं. ज्ञानोबाच्या रानाजवळ मोटारसायकल थांबवली. त्यानं मोठ्या हौसेनं मला आत नेलं. त्याच जागी त्यानं सिमेंटचा बुटका ओटा बांधला होता आणि पाच दगड त्यात पक्के रोवले होते. माथा उडालेला काढून नवा बसवला होता. चारी बाजूंनी कपाशी. दहा पावलांवरून ओटा दिसत नव्हता.

"आता हालत न्हाई," ज्ञानोबा म्हणाला.

"अहो, हे धुऱ्यावर बसवायचे होते. निदान एखादा उंच बांबू लावा, ड्रायव्हरला दिसेल असा."

"देवाला जागेवरनं हलवत न्हाईत, सायेब. नुसतं लोखंड लागलं तर काय झालं, तुमी बगितलंच की."

बांबू लावतो म्हणाला. लावला नसेल.

उत्तमचा ट्रॅक्टर त्याच रानाच्या दुसऱ्या टोकाला चालू होता. साखळ्या वर बांधलेल्या होत्या. मला पाहून त्यानं हात केला. "आता ह्ये पांडव ठावे झालेत, सायेब. बाजूनंच घालायलोय," तो इंजिनाच्या आवाजात ओरडला.

"आणि बाकीच्या रानांतले?"

त्याला ऐकू गेलं नसावं. तो पुढं गेला.

तेव्हापासून नवं मशीन देताना मी दगडांचं विचारतो आणि मग पांडवांचंही विचारतो. लोक हात जोडून जागा दाखवतात. त्यांना वाटतं, साहेब मोठा भाविक आहे. चुलीत काय घालणार, हे मात्र मी कोणाला विचारत नाही. विचारलं तर पुढं काय सांगायचं, ते माझ्याकडे नाही.

त्या दिवशी मी अजून रानातच उभा असताना कौसाबाई धुऱ्यावरून दोरी घेऊन आली. कोण आलंय ते बघायला तिला सगळी मान वळवावी लागली. ओळख पटली तशी हसली.

"सायेब, तितं मागं थांबू नका," ती म्हणाली. "लागंल."

मी बाजूला झालो. तिनं पदर खोचला आणि मशीनच्या मागं खुट्टं वेचत चालू लागली.