दोघींचा काढा

माझ्या सासूबाई धुळ्याहून आल्या तेव्हा २०२० चा फेब्रुवारी संपत आला होता आणि माझं तोंड बघवत नव्हतं. विमानतळावर त्यांनी मला जवळ घेतलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि मुलाला म्हणाल्या, "तू डॉक्टर ना रे? मग घरचं माणूस दिसत नाही का तुला?"

नवरा ओशाळून हसला. खरं तर त्याने बरंच करून पाहिलं होतं. मलमं झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. कॉलेजात येतात तसल्या पुळ्या नव्हत्या या. जबड्याच्या कडेने आतून ठणकणाऱ्या गाठी यायच्या, आठवडाभर पिकायच्या आणि जाताना काळा डाग ठेवून जायच्या. डब्लिनजवळ लिक्सलिपला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात मी इंजिनिअर. पाळीभर अंगात पांढरा सूट, डोक्यावर हूड, नाकातोंडावर मास्क. संध्याकाळी मास्क काढला की त्याच्या कडेला रक्त लागलेलं असायचं. एक जालीम गोळी होती, तिने हमखास फरक पडतो असं नवराच म्हणायचा. पण ती चालू असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, आणि आम्ही तर बाळाचीच वाट बघत होतो. म्हणून ती गोळी बाजूला राहिली.

कारखान्यातल्या एका मलेशियन मैत्रिणीने मला डब्लिनच्या चिनी वैद्यबाईंकडे पाठवलं. मार्चच्या सुरुवातीला मी निघाले तर सासूबाई कोट घालून दाराशी उभ्या. "मी येते. घरात बसून काय करू?"

दुकान अरुंद होतं. एका भिंतीला लाकडी खणांची रांग आणि हवेत ओल्या मातीसारखा, थोडासा गोडसर वास. वैद्यबाई साठीच्या, बारीक, केस आखूड कापलेले. त्यांनी माझ्या दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून डोळे मिटले, मग जीभ बाहेर काढायला सांगितली. पाळी नियमित येते का, झोप कशी लागते, पोट साफ होतं का, गार पाणी प्यावंसं वाटतं का, असं बरंच काही विचारलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या आत उष्णता आहे आणि ओल आहे. दोन्ही बाहेर निघायला वाट हवी."

मी ते मराठीत सांगितल्यावर सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. "बघ, हेच तर आपले वैद्य सांगतात! तुझ्या नवऱ्याला कधी नाडी बघता आली का?"

बाई पुडे बांधू लागल्या. वाळलेली पिवळट फुलं, सालींचे तुकडे, मुळांच्या तिरप्या चकत्या. सासूबाईंनी न विचारता एक चकती उचलून दाताखाली धरली. त्यांचा चेहरा उजळला. "हे तर आपलं ज्येष्ठमध!" दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण वैद्यबाई हसल्या आणि त्यांनी घशावर हात फिरवून दाखवला. सासूबाईंनीही तसाच घशावर हात फिरवला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांचा त्या दुकानावर पुरता विश्वास बसला.

निघताना वैद्यबाई मला म्हणाल्या, "हे औषध फक्त तुमच्यासाठी बांधलंय. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही." मी हो म्हटलं. औषध देणारं कुणीही असं म्हणतंच, म्हणून ते वाक्य मी सासूबाईंना मराठीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, हा विचार मी पुढे कितीतरी वेळा केला आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळं बंद झालं. विमानं थांबली. महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई अडकल्या. नवरा तासाभरावरच्या मलिंगार गावी हॉस्पिटलात होता आणि त्याची ड्यूटी कोविडच्या वॉर्डात लागली. आईचं वय, तिचं ब्लडप्रेशर, सगळ्याचा विचार करून त्याने तिकडेच एक खोली घेतली. रविवारी तो यायचा आणि मागच्या अंगणात कुंपणाजवळ उभा राहून बोलायचा. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात. चहाचा कप मी पायरीवर ठेवून मागे सरायचे, मग तो पुढे येऊन उचलायचा.

काढ्याबद्दल तो पहिल्यापासून कुरकुरत होता, पण अडून बसला नाही. "घ्यायचा तर घे. फक्त रक्त तपासत राहा. लिव्हरवर काय परिणाम होईल सांगता येत नाही." मी तपासत राहिले. रिपोर्ट चांगले येत होते.

आमचा कारखाना चालूच होता. मी पाळीहून परत यायचे तेव्हा काढा तयार असायचा. वैद्यबाईंनी सांगितलेली रीत मी एकदाच समजावली होती. स्टीलच्या भांड्यात, मंद आचेवर, दोनदा उकळायचा आणि दोन्ही पाणी एकत्र करून प्यायचं. सासूबाईंनी त्यासाठी प्रेसमधलं एक जाड बुडाचं पातेलं कायमचं वेगळं काढलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे त्यांना शेजारच्या आजीबाईंनी शिकवलं होतं. दोघी कुंपणावरून बोलत, एक इंग्रजीत, एक मराठीत. कुणी कसं काय विचारलं की "ग्रँड", म्हणजे छान, असं म्हणायचं, एवढं सासूबाई तिच्याकडूनच शिकल्या.

काढा भयंकर कडू होता. मी नाक दाबून प्यायचे आणि त्या समोर बसून बघायच्या.

"माय वं! कसं तोंड करून राहिली. लहान पोरगी झाली जशी."

"तुम्ही पिऊन बघा मग, आई."

"दे ना, पिते की." आणि त्या हसायच्या. मला ती थट्टा वाटायची.

लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी अशा एका घरात कधी राहिलो नव्हतो. त्या वसंतात मला कळलं की त्यांना गणित आवडायचं आणि मॅट्रिकनंतर त्यांचं शिक्षण थांबवलं गेलं. चिपवर इतक्या बारीक रेषा कशा काढतात, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं आणि पटेपर्यंत सोडलं नाही. मूल कधी, हा प्रश्न त्यांनी एकदाही काढला नाही. एका दुपारी मी आरशासमोर उभी होते तेव्हा मागून म्हणाल्या, "डाग फिके पडून राहिले. मी रोज बघते, तुला नाही कळायचं." आणि खरंच, नव्या गाठी येणं कमी झालं होतं. काढ्याने झालं, की तेलकट-गोड बंद केल्याने, की रोज कुणीतरी वाट बघत असल्याने नीट झोप लागत होती म्हणून, मला आजही सांगता येणार नाही.

वैद्यबाईंचं दुकान बंद होतं, पण त्या फोनवर विचारपूस करून पोस्टाने पुडे पाठवत. जूनमध्ये असाच नवा पुडा आला त्या आठवड्यात सासूबाई जिन्यावर बसल्या आणि त्यांना उठता येईना.

"पायात जीवच नाही गं," त्या म्हणाल्या. छातीत धडधडत होतं. घरातल्या यंत्रावर ब्लडप्रेशर मोजलं तर आकडा एवढा मोठा की मला वाटलं यंत्र बिघडलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ॲम्ब्युलन्स बोलाव, आत्ता." अंगावर निळे गाऊन घातलेल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून बाहेर नेलं. एकाने विचारलं, "कसं वाटतंय?" त्या पुटपुटल्या, "ग्रँड."

हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही. तेव्हा कुणालाच सोडत नव्हते. मी गाडीतळावर गाडीत बसून राहिले. थोड्या वेळाने एका तरुण डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांनी फोन सासूबाईंच्या उशाशी ठेवला आणि मला दुभाषी केलं.

"त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय," त्या म्हणाल्या. "ब्लडप्रेशरच्या गोळीने थोडं होतं, पण इतकं नाही. त्या आणखी काही घेतात का? एखादी जडीबुटी? ज्येष्ठमध?"

इंग्रजीतला तो शब्द ऐकताच मला दुकानातली ती चकती आठवली. मी मराठीत विचारलं, "आई, तुम्ही काढा प्यायलात का?"

 पलीकडे कुठल्यातरी यंत्राचा आवाज येत होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "तिला सांगू नको."

"आई, प्यायलात का?"

"तुझं दोनदा उकळून झालं की चोथा टाकवत नव्हता. तिसऱ्यांदा उकळून मी घेत होते. गुडघ्याला बरं वाटायचं. ज्येष्ठमधाचे तुकडे निवडून चघळायचे. आपलंच तर औषध ते." मग म्हणाल्या, "तू एकटी एवढं कडू पीत होती, मला बरं नाही वाटायचं. त्याला नको सांगू. तो तुला बोलेल."

डॉक्टरबाई वाट बघत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं? त्यांनी मात्र काही दोष दिला नाही. ज्येष्ठमध असं बरेच दिवस पोटात गेलं की पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो, त्यात त्यांची ब्लडप्रेशरची गोळी लघवी वाढवणारी, दोन्ही मिळून हे झालं. आता बंद केलं की ठीक होईल. सलाइन लावलं, काही दिवस ठेवून घेतलं, आणि सासूबाई बऱ्या झाल्या. औषधाची गोष्ट तिथे संपली.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी नवरा कोविडची तपासणी करून, रजा घेऊन पहिल्यांदा घरात आला. आई झोपल्यावर तो स्वयंपाकघरात आला, प्रेस उघडला आणि उरलेले पुडे बाहेर काढून कचऱ्याच्या डब्यात टाकले. पातेलंही टाकलं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या तोंडावरच्या चार पुळ्यांसाठी माझी आई गेली असती."

त्या महिन्यांत तो रोज माणसं मरताना बघत होता. त्यांच्या घरच्यांना फोन करून सांगायचं कामही त्याचंच होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून मी गप्प राहिले. आज वाटतं, मी चिडायला हवं होतं, रडायला हवं होतं, आणि त्यालाही रडू द्यायला हवं होतं. आम्ही दोघंही फार शहाण्यासारखे वागलो. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्याचं आम्हाला कळलंच नाही.

"तिने नाही दिलं, मी घेतलं," त्या म्हणाल्या. "मला बोल."

"आई, तू झोप."

"मला बोल ना."

तो तिला हाताला धरून आत घेऊन गेला.

नंतर तो पुन्हा मलिंगारला गेला आणि रविवारचं येणं तुटक होत गेलं. आला तरी आईशीच बोलायचा. उन्हाळा सरता सरता अडकलेल्यांसाठी विमानं सुटली आणि सासूबाईंना जागा मिळाली. विमानतळावर मास्क लावून आम्ही तिघं हातभर अंतर ठेवून उभे होतो. त्यांनी माझ्याकडे बघून स्वतःच्या गालावर हात फिरवला. बरा आहे आता, असं त्यांना म्हणायचं असावं. मिठी मारायची नाही असं ठरलं होतं. ते आम्ही तिघांनीही पाळलं.

हिवाळ्यात गाठी परत आल्या. नवऱ्याने मलिंगारची खोली कायमची केली. भांडण असं झालंच नाही. एका संध्याकाळी फोनवर तो म्हणाला, "आपण उगाच ताणतोय असं तुला नाही वाटत?" आणि मी म्हटलं, "वाटतं." मला तसं वाटत नव्हतं. पण नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढी त्या दिवशी माझ्यात नव्हती.

२०२१ च्या वसंतात माझा नंबर लागून मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्या जालीम गोळीचं नाव घेतलं आणि विचारलं, "नजीकच्या काळात मूल हवंय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागदावर टिक केली. ओठ फाटले, डोळे कोरडे पडले, पण शरद ऋतूपर्यंत चेहरा स्वच्छ झाला. कारखान्यात मास्क काढला की लोक म्हणायचे, किती छान दिसतेस.

सासूबाईंचे फोन येत असत, पण दुपारच्या वेळी, घरात कुणी नसताना, आणि हळूहळू कमी. वेगळं झाल्याचं त्यांना मुलाने सांगितलं होतं. त्या त्याबद्दल काही बोलत नसत. जेवलीस का, थंडी किती, शेजारची आजी कशी आहे, एवढंच.

त्या दिवाळीत तो रजा काढून धुळ्याला गेला होता. पाडव्याला त्यांचा फोन आला. फराळ केलास का म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकटीसाठी कुठे करत बसू. त्या म्हणाल्या, "थोड्या तरी शंकरपाळ्या कर. घरात तळणीचा वास पाहिजे गं." मी हो म्हणत होते तेवढ्यात पलीकडे दार वाजलं आणि त्याचा आवाज आला, इतका जवळून की क्षणभर मला वाटलं तो माझ्याशीच बोलतोय.

"कोण आहे गं, आई?"

"कॉलनीतल्या भाभी आहेत रे," सासूबाई म्हणाल्या. मग मला, वेगळ्याच आवाजात, "बरं भाभी, ठेवते हं. पोरगा आला माझा."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही. फोन कुणाच्या हातात असेल आणि त्यांना पुन्हा कोणाचं नाव सांगावं लागेल, या भीतीने.