जिवंत: नाही

माणसाला जे ठाऊक नसतं, त्याचं उत्तर त्याच्यातून त्याचे पूर्वज देतात. हे मी कुठल्या मठात ऐकलं नाही. बेंबळी गावातल्या घरी मी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा रचत होतो, तिचा हा एकमेव नियम. भाषेतल्या प्रत्येक वस्तूला एक वडील. विचारलेलं तिच्यापाशी नसेल, तर तिनं वडिलांना विचारायचं.

चाचणीसाठी आमचंच घराणं भरलं. सर्वांत वर आजोबा. ते वारलेले, म्हणून त्यांच्यापुढं ‘जिवंत: नाही’ लिहिलं. त्यांच्याखाली वडील, त्यांच्याखाली मी.

वडील नुकतेच हृदयाच्या ऑपरेशनातून उठले होते. दुपारी शेजारी बसून म्हणाले, “माझं विचार की.”

वडील जिवंत आहेत का, मी विचारलं. पडद्यावर आलं: नाही.

वडिलांपुढं मी काहीच लिहिलं नव्हतं. उत्तर आजोबांनी दिलं होतं. पंखा फिरत होता, तरी खोलीतली हवा थांबल्यासारखी वाटली. वडिलांची बोटं मनगटावर गेली, नाडी शोधू लागली.

“पेन्शनसाठी दरसाली हयातीचा दाखला देतो की मी,” ते हळूच म्हणाले. “ह्याला कळलं न्हाय व्हय?”

“तुमचं तुमच्यापुढं लिहायचं राहिलं, दादा.”

“मग लिही. आत्ताच लिही.”

लिहिलं, पुन्हा विचारलं. होय आलं. तरी बोटं मनगटावरच होती.

“आता तुझं.”

माझंही होय आलं. माझ्यापुढं अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. ते वडिलांना सांगितलं नाही.

जिवंत असल्याची नोंद ठेवायला संगणकाला एक बिट, होय की नाही एवढी एक खूण, पुरतो.