सुधाचे खोटे चार दिवस

सुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडवळ चिरत बसले होते. ठाण्याच्या तिच्या कॉलेजातला शिपाई बोलत होता. "मॅडम लॅबमधे पडल्या, डॉक्टर येईपर्यंत..." वय त्रेचाळीस, आणि हृदयविकाराचा पहिलाच झटका. स्मशानातून परतलेले लोक म्हणत होते, इतक्या लवकर कशी गेली? या बाईच्या शरीरात सगळंच लवकर झालं, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. आज महिना होऊन गेला, तरी ते वाक्य काही मनातून जात नाही.

सुधा माझी नणंद, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने माझ्याच बरोबरीची. त्यामुळे नणंद-भावजयीचं वाकडं आमच्यात कधी आलं नाही. प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात फळमाश्यांवर संशोधन करायची. आमच्या डोंबिवलीच्या घरात केळी पिकली की मी ज्या चिलटांना फडक्याने हाकलायची, त्यांना ही बाटल्यांत पाळून मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घालायची. "नवऱ्याला कधी एवढ्या प्रेमाने रांधून वाढलंस का गं?" असं मी चिडवलं की म्हणायची, "नवऱ्याला अंडाशय नसतं, वहिनी. मला त्यात रस आहे."

तिच्या काही माश्यांना अंडी होतच नसत. कारण विचारलं तर तिने एकदा ओट्यापाशी उभं राहून मला समजावलं होतं. पिल्लाची वाढ सुरू व्हायच्या आधीच आई अंड्यात निरोप भरून ठेवते. त्या निरोपांना आरएनए म्हणायचं. कुठला निरोप कधी वाचला जायचा याची वेळ ठरलेली असते आणि तोवर काही प्रथिनं त्यांना घट्ट धरून बसतात. "दिवाळीचा फराळ आई वरच्या फळीवर ठेवते ना, आणि खाली कुणीतरी राखण करत बसतं, तसं. राखण करणारं प्रथिनच नसलं तर सगळाच गोंधळ. अंडं धड तयारच होत नाही, नाहीतर साठा वेळेआधी संपून जातो." मी हसले होते. ती हसली नव्हती, हे मला आत्ता आठवतंय.

तिचं सासर कल्याणचं. सुशिक्षित माणसं, पण सोवळंओवळं कडक. घरातल्या सुनेने महिन्याचे चार दिवस मागच्या गॅलरीत बाजूला बसायचं, वेगळं ताट, वेगळी चटई. आम्ही सगळ्याच तेव्हा बसायचो. सुधा कुरकुर करायची नाही, उलट म्हणायची, चार दिवस वाचायला तरी मिळतात.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आणि मग त्या मे महिन्यात तिच्या सासूबाई पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात उभ्या. "दोन महिने झाले, सूनबाई बाजूला बसलेली नाही," त्या म्हणाल्या. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला. त्यांच्या मागे सुधा उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

स्वयंपाकघरात तिने माझा हात धरला. "वहिनी, मला दिवस गेलेले नाहीत. माझी पाळी बंद होऊनच दोन वर्षं झाली."

"अगं, मग दर महिन्याला बाजूला बसतेस ती?"

"नाटक. तारीख धरून बसायचे. या खेपेला पेपर तपासायच्या नादात विसरले गं... दोनदा विसरले."

बाहेर सासूबाई आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कोणकोणाला कळवलं ते सांगत होत्या. आई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना तेव्हाच कळलं असणार. त्यांची स्वतःची पाळी तेहतिसाव्या वर्षीच थांबली होती, बहिणीची त्याहून आधी, हे मला पुढे कळलं. घरातल्या बायकांनी ही गोष्ट एकमेकींनाही सांगितली नव्हती. सासरी खरं कळलं, श्रावण सरायच्या आत सुधा ट्रंक घेऊन परत आली आणि पुढे तिने ठाकुर्लीला भाड्याने खोली घेतली.

त्यानंतर ती बदलली. रडणं वगैरे तिच्या स्वभावातच नव्हतं. आईंच्या माहेरच्या बायकांना एकेक करून भेटली, कोण कधी थांबली ते विचारत राहिली. काही जणींनी दार लावून घेतलं. मुक्ता, माझी मुलगी, सोळा वर्षांची झाली तेव्हा सुधा मला म्हणाली, "दादाकडून हे तिच्यात आलेलं असू शकतं. आलंच असेल असं नाही. माशीचं थोडं कळलंय, माणसाचं कळायला वेळ लागेल. पण तिला सांगून ठेवू. तिच्याकडे कदाचित वेळ कमी असेल."

मी भडकले. "तुझं झालं ते झालं, माझ्या पोरीला अपशकुन करू नकोस. बाहेर कळलं तर तिला कोण करून घेईल?" तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. विज्ञान शिकलेली बाई, शपथा मानणारी नव्हती, पण ती पाळली. मुक्ताशी गप्पा मारता मारता मध्येच गप्प व्हायची, माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची... मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटायचं.

गेल्या रविवारी मुक्ता आणि मी ठाकुर्लीची खोली आवरायला गेलो. घरमालकाला किल्ली द्यायची होती. मुक्ता आता एकोणीस वर्षांची आहे. टेबलावर सुधाचा चष्मा होता, काचेवर तिच्या बोटाचा ठसा. मुक्ताने तो पुसला नाही, नुसता हातात धरून खुर्चीवर बसली.

"आई, मला तीन महिने पाळी आलेली नाही."

तिला वाटलं मी ओरडणार. पण खोटं कशाला लिहू, आईला अशा वेळी जी पहिली शंका येते, ती खरी निघू दे, असं मी मनातल्या मनात देवाला विनवत होते.

"तसलं काही नाहीये गं, शप्पथ," ती म्हणाली. "आत्याला विचारणार होते. दोनदा निघालेपण होते तिच्याकडे. म्हटलं, ती तुला सांगेल, तू घाबरशील."

मी तिच्या हातातला चष्मा काढून घेतला, खोलीचं दार लावलं आणि तिला सांगायला बसले.