नेटवर्क स्टँडर्ड पायजे

आमच्या दूध संस्थेची कार्यालयं तीनच: धाराशिव, बेंबळी आणि जळकोट. त्यांचं नेटवर्क सांभाळायला एक गृहस्थ येतात. खिशाला दोन टेस्टर आणि तोंडात कायम, "न्हाय साहेब, स्टँडर्ड पायजे."

संचालकांच्या बैठकीत मी म्हणालो, "राउटर तर तीन. कुठला डेटा कुठल्या लाइननं जायचा, ते हातानंच भरून ठेवा की."

चहाची बशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "हातानं भरलं की राउटर आंधळा. आपण राउटरमधी ओएसपीएफ ही सिस्टीम लावू. लाइन तुटली, की ते सोताच दुसरा रस्ता हुडकतंय. मोठ्या बँकांत हेच असतंय."

बँकांचं नाव निघताच चेअरमननी हात वर केला, मग सगळ्या संचालकांनी. ठराव एकमतानं मंजूर.

आठ दिवस सेटिंग चाललं. नवव्या दिवशी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं जळकोटची केबल तोडली. टँकरची यादी इथं धाराशिवला अडकली, यादीशिवाय तिकडं टँकर भरेना आणि दूध उन्हात. आम्ही सगळे स्क्रीनपुढं जमलो.

"हुडकतंय का?" चेअरमननी विचारलं.

"हुडकतंय की."

अर्ध्या तासानं मी हळूच विचारलं, "जळकोटला आपल्या लाइन किती?"

"एकच."

"मग यादी व्हॉट्सॲपवर टाकू?"

"ते स्टँडर्ड न्हाय," असं म्हणून त्यांनी यादी पेनड्राइव्हवर घेतली आणि मोटरसायकलला किक मारली. तुळजापूरचा नेहमीचा रस्ता खोदलेला दिसताच ते बेंबळीकडून वळले आणि दूध नासायच्या आत जळकोटला पोचले.